काकांच्या मधपेट्या आणि लाल गोल

“सगळ्यो पेट्यो जाळतलंय आज, माका कोण अडवू नुको,” असं काका काजूच्या बागेत इतक्या जोराने ओरडले, की वैभववाडी स्टेशनात गार्डाची शिट्टी समजून गाडी सुटली. अजूनही रॉकेलचा वास आला की मला तीच सकाळ आठवते. काकांच्या मधपेट्यांत रोग शिरला होता, अळ्या पिवळ्या पडून मरत होत्या, आणि नऊच्या नऊ पेट्या गेल्या असं धरून काका रॉकेलचा डबा घेऊन उभे होते. तेवढ्यात कृषी महाविद्यालयातली एक मुलगी कॅमेरा आणि लॅपटॉप घेऊन आली. “काका, जाळण्याआधी फोटो काढू द्या.” काकांनी नारळाच्या सोडणांचा धूर दिला, माश्या हटल्या, आणि ते पोळ्याची एकेक चौकट धरून उभे राहिले. मग पडद्यावर पोळ्याची हजारो घरं उमटली, आणि कुणी बोटही न लावता संगणक आजारी अळ्यांभोवती लाल गोल काढत सुटला. अख्खी वाडी श्वास रोखून बघत होती. माश्याही गुणगुणायच्या थांबल्या, शपथ. गोल निघाले ते एकाच पेटीत, बाकी आठ निरोगी. काकांचा विश्वास बसेना. पण एका फोटोत काकांच्या अंगठ्याच्या पिवळ्या नखालाही लाल गोल होता. “काकानू, तुमकाय रोग लागलो,” शेजारी म्हणाला. मुलगी ओशाळली, “तेवढं यंत्राचं चुकलं.” बाकी सगळं मी वाढवून सांगत आलोय, हे मात्र जसंच्या तसं: काकांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, “चुकला खंय? दोन वर्सां दुखता तो.”