बापूरावांनी पास केलेली रायफल

बंदुका करणारी माणसं शिकारीला निघाली की सांबरं कमी आणि किस्सेच फार साठतात. जबलपूरच्या आमच्या फॅक्टरीतल्या चौघांचं तसंच झालं. तेव्हा शिकारीचं परमिट मिळायचं आणि रविवारी आमची जीप बरगीच्या जंगलाकडे वळायची.

देशकरसाहेबांकडे विलायती रायफल, दुर्बीण, थर्मास, हॅट, सगळं होतं. एकदा त्यांच्या समोर भलंमोठं सांबर आलं, निवांत पाणी प्यालं आणि गेलं. रायफल वाजलीच नाही.

"काहून साहेब, काय झालं?" मी विचारलं.

"दुर्बिणीची काच पुसून राहिलो होतो ना!"

*

अकाउंट्सचे नाना नेमके उलट. त्यांच्या जुन्या एकनळी बंदुकीच्या दस्त्याला तार गुंडाळलेली. पण वारा ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. एकदा दिवसभर झुडपात बसून रिकाम्या हातांनी परतले, चेहरा मात्र खुललेला.

"काही मारलं नाही, तर मजा कशाची आली?" देशकरांनी विचारलं.

"सांबर माझ्या अगदी जवळ चरत होतं. त्याला शेवटपर्यंत पत्ता नाही लागला. और क्या चाहिए?"

*

बापूराव इन्स्पेक्शनमध्ये होते. फौजेला जाणारी तयार रायफल त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पास व्हायची नाही, आणि ही सवय जंगलातही सुटेना. एकदा नाना चितळावर नेम धरून बसलेले असताना बापूरावांना त्यांच्या नळीच्या तोंडाशी गंज दिसला. त्यांनी बंदूक काढून घेतली, काडतूस काढलं, नळी उजेडाकडे धरून आत बघितलं. तोवर चितळ पसार.

"रिजेक्ट," बापूराव म्हणाले.

नाना आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

*

मग लढाईचं वातावरण तापलं. बापूरावांचा एकुलता एक मुलगा विनू फौजेत होता, त्याची पलटण सीमेवर गेली. त्याच रविवारी देशकरांचं विलायती काडतूस फुटलंच नाही. नुसतं टक वाजलं आणि सांबर पळालं. आम्ही पोट धरून हसलो. बापूराव हसले नाहीत.

"समोर सांबर होतं म्हणून ठीक," एवढंच म्हणाले.

सोमवारपासून त्यांच्या टेबलावर अडवलेल्या रायफलींचा ढीग वाढू लागला. फोरमन वैतागला.

"बापूरावजी, लड़ाई सिर पर है. माल मत रोकिए."

"सिर पर है, इसीलिए," बापूराव म्हणाले आणि पुढची रायफल उचलली.

लढाई लागली तशी आमची शिकार बंद पडली. पोस्टमन दिसला की बापूरावांकडे बघवत नसे. आम्हा सगळ्यांनाच भीती वाटायची.

*

विनू सुखरूप परत आला. त्या आनंदात आम्ही पुन्हा जीप काढली. देशकरांनी आपली विलायती रायफल कौतुकानं त्याच्या हातात दिली. माळाच्या कडेला चितळ उभं होतं. विनूनं रायफल अशी खांद्याला लावली की नानांनीसुद्धा मान डोलावली.

पण बार निघेना, चापावरचं त्याचं बोट हललंच नाही. इतके महिने पोटात ठेवलेला प्रश्न बापूरावांना आता आवरला नाही.

"विनू, तिकडे तुझी रायफल कधी अडली तर नाही ना रे?"

विनूनं रायफल खाली घेतली. काडतूस काढून देशकरांच्या हातावर ठेवलं.

"नाही बाबा," तो म्हणाला. "दर वेळी चालली."