गिरणीतल्या दोघींपैकी एक

आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे आणि ती दोन जावा चालवतात. त्यांचे नवरे, म्हणजे दोघे सख्खे भाऊ, जन्मभर मशीनच्या घरघरीत एकमेकांवर ओरडले आणि एकापाठोपाठ एक गप्प झाले. मागे राहिल्या या बायका, पट्ट्यावर चालणारं जुनं मशीन, पाठीमागच्या दोन खोल्या आणि सगळ्यावर बसलेलं पीठ. पीठ घड्याळाच्या काट्यांवर होतं, बल्बवर होतं, कोपऱ्यातल्या जाळ्यावर होतं. तिथला कोळीसुद्धा म्हातारा दिसायचा. कामाच्या वेळी दोघी इतक्या पांढऱ्या व्हायच्या की थोरली कोण आणि धाकटी कोण हे फक्त बोलण्यावरून कळायचं. थोरल्या काकू कमी बोलायच्या. उरलेलं सगळं धाकट्या काकू बोलायच्या.

प्रभू पुन्हा येणार, हे आमच्या चर्चमध्ये सगळेच मानतात. पण आम्ही ते मानतो ते लांबचा पाहुणा कधीतरी येणार आहे, अशा बेताने. थोरल्या काकूंच्या लेखी पाहुणा स्टेशनवर उतरून चालायला लागला होता. पंखा घेताना दुकानदार दहा वर्षांची गॅरंटी देऊ लागला, तर म्हणाल्या, "दहा कशाला? वाया जाईल." दातांचे डॉक्टर म्हणाले, ही कवळी तुम्हाला जन्मभर पुरेल, तर म्हणाल्या, "एवढी नको. साधी द्या." त्यांच्या खोलीच्या दारामागे हँगरला एक पांढरा झगा इस्त्री करून टांगलेला असायचा. तो त्या दिवसासाठी. तो धाकट्या काकूंनी एकदा कुणाच्या तरी लग्नाला घालून नेला आणि त्यावर सरबत सांडून आणलं.

"आता मी प्रभूसमोर डागासकट उभी राहू?"

"डाग मागच्या बाजूला आहे, जाऊबाई. त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहणार आहात का?"

दर रविवारी उपासनेच्या शेवटी सगळे मिळून म्हणतात, "ये, प्रभू, ये." त्यात थोरल्या काकूंचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. त्यांना खरोखरच घाई होती.

असं सगळं नीट चाललं होतं. मग नवे पाळक आले.

पाळक तरुण होते, आवाज चांगला होता, आणि शेवटच्या काळाविषयी बोलायची त्यांना हौस होती. त्या रविवारी ते रंगात आले होते. बोलता बोलता त्या वचनावर आले, की त्या दिवशी दोन बायका जात्यावर दळत असतील, त्यातली एक वर घेतली जाईल आणि दुसरी मागे राहील. हे वचन आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. जातं म्हणजे काहीतरी जुन्या काळातलं, दूर देशातलं. पण त्या सकाळी काय झालं कोण जाणे, पुढच्या बाकावरच्या शिंप्याने मान वळवली आणि मागे बघितलं. मग त्याच्या बायकोने बघितलं. मग पेटी वाजवणाऱ्या बाईंनी बघितलं. हळूहळू सगळं चर्च वळून तिसऱ्या बाकावरच्या दोन बायकांकडे बघू लागलं. अख्ख्या गावात एकत्र दळणाऱ्या त्या दोघीच होत्या.

पाळकांच्याही ते लक्षात आलं. ते घाईघाईने म्हणाले, "शेतातल्या दोघांचंही तसंच सांगितलेलं आहे," आणि आशेने सभोवार पाहू लागले. पण शेती करणारं आमच्यात कोणीच नव्हतं.

घरी जाताना दोघी गल्लीच्या दोन कडांनी चालत होत्या. अर्धी गल्ली संपल्यावर धाकट्या काकू म्हणाल्या, "तुम्हीच जाणार, असं म्हणून टाका ना एकदा."

"मी काही बोलले का?"

"तोंड नाही बोललं. मान बोलत होती तुमची. कशी ताठ झाली होती!"

"तू उपासनेत घोरतेस."

"घोरते, पण चर्चमध्येच घोरते ना? बाहेर जाऊन तर नाही घोरत."

दुसऱ्या दिवसापासून गिरणीवर गिऱ्हाइकं दळणापेक्षा बघायलाच जास्त येऊ लागली. शिंपी थोरल्या काकूंच्या बाजूचा होता. न्हाव्याचं म्हणणं असं की वरच्यांना नेहमी धाकटी माणसं आवडतात, त्याने शास्त्रातली दोन-तीन उदाहरणंही दिली. चांभाराला फक्त एकच काळजी होती. "थोरल्या काकू, तुम्ही गेल्यावर पीठ जाडं तर नाही ना येणार?"

ही काळजी त्यांनाही होती. त्याच आठवड्यात त्यांनी मशीन उघडलं आणि झिजलेला दगड टाकी लावून पुन्हा खरखरीत कसा करायचा ते धाकट्या काकूंना शिकवायला बसल्या. छिन्नी कशी धरायची, चर किती खोल हवा. धाकट्या काकूंनी थोडा वेळ शिकून घेतलं, मग छिन्नी खाली ठेवली.

"म्हणजे मी राहणार हे पक्कं?"

"शिकून ठेवलेलं बरं."

"मग तुम्हीच शिकून ठेवा. तुम्हाला येतंच आहे, तुम्हीच राहा." आणि त्या बाहेर जाऊन बसल्या.

त्या संध्याकाळी थोरल्या काकू दारामागच्या झग्याकडे बघत बसल्या होत्या. पलीकडच्या खोलीत धाकट्या काकू भांडी आपटत होत्या. राग आला की त्या धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायच्या. थोरल्या काकूंना एकदम दिसलं, की आपण वर आहोत, सगळीकडे उजेड आहे, तुताऱ्या वाजताहेत, आणि खाली या स्वयंपाकघरात ही एकटी भांडी आपटते आहे आणि ऐकायला कोणी नाही. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली त्या दिवसाला मागून एक दार होतं, आणि त्या दारातून ही दिसत होती.

पुढच्या रविवारी सगळे "ये, प्रभू, ये" म्हणाले तेव्हा थोरल्या काकूंचे ओठ हलले, आवाज आला नाही. शेजारच्या धाकट्या काकू दचकून जाग्या झाल्या. त्या दर रविवारी त्या आवाजावर उठायच्या.

उपासना संपल्यावर थोरल्या काकूंनी पाळकांना दारातच गाठलं.

"पाळकसाहेब, दोघींऐवजी तिघी दळत असतील तर?"

"काकू, ते शब्दशः नसतं. ते उदाहरण आहे. सावध राहावं म्हणून."

"त्या दिवशी तुम्ही असं म्हणाला नव्हता. बरं, तिसरी राहू द्या. एकच दळत असेल आणि दुसरी नुसतीच बसली असेल तर?"

हे पाळकांना कॉलेजात शिकवलं नव्हतं. "मग... मग ते वचन बहुधा लागू होणार नाही," ते म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो ते त्यांना पुढच्या काही दिवसांत कळलं.

सोमवारपासून गिरणीत एका वेळी एकच जाऊ दळू लागली. दुसरी उंबऱ्याबाहेर स्टुलावर. उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम. धाकट्या काकूंनी नियमाला नावं ठेवली, पण पाळला, कारण स्टुलावर बसून बोलायला मिळत होतं. मात्र ते मशीन एकटीचं नव्हतं. वरच्या पेटीत धान्य ओतायला एकजण लागायची आणि खाली कापडी सोंडेतून पीठ पडतं तिथे डबा धरायला दुसरी. आता वर ओतावं तर खाली डबा उतू जायचा, खाली धावावं तर वर दगड रिकामा फिरायचा आणि जळका वास सुटायचा. बाहेरून धाकट्या काकू ओरडायच्या, "भरला! अहो भरला! सोंड बघा, सोंड!" शेवटी गिऱ्हाइकंच आपापला डबा धरू लागली. शिंप्याने डबा धरताना विचारलं, "मी यात मोजला जाणार नाही ना? मी आपला पुरुष आहे, आणि दुकानात दोन पँटी अर्ध्या शिवून पडल्यात."

वरून बघणाऱ्याला कोण कोणती ते ओळखू यावं म्हणून थोरल्या काकूंनी डोक्याला निळा रुमाल बांधायला सुरुवात केली होती. पिठात माखलेल्या दोन म्हाताऱ्या सारख्याच दिसणार, घाईगर्दीत भलतीच उचलली गेली तर? दुसऱ्या दिवशी धाकट्या काकूही निळाच रुमाल बांधून आल्या. "का? निळा काय तुमच्या एकटीच्या नावावर आहे?"

मग बाजारापलीकडची दुसरी गिरणी बंद पडली आणि तिथली सगळी गिऱ्हाइकं आमच्या गल्लीत आली. डब्यांची रांग उंबऱ्यापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली. थोरल्या काकूंची पाळी होती. त्या वर चढायच्या, ओतायच्या, उतरायच्या, डबा बदलायच्या, पुन्हा चढायच्या. पट्टा सरकू लागला होता. कापडी सोंडेची शिवण उसवत चालली होती. रांगेतली एक बाई म्हणाली, "बाहेर बसलेल्या त्या कोण? मालकीण का?"

हे ऐकून घेणाऱ्यातल्या धाकट्या काकू नव्हत्या. स्टूल लाथाडून त्या उंबरा ओलांडून आत शिरल्या.

"अगं, बाहेर हो! बाहेर!" थोरल्या काकू ओरडल्या.

"गप बसा आणि ओता!" म्हणत त्यांनी सोंड दोन्ही हातांनी धरली.

तेवढ्यात शिवण टर्रकन फाटली.

पिठाचा असा ढग आम्ही कधी पाहिला नव्हता. दारातून तो गल्लीत आला, न्हाव्याच्या आरशात गेला, आणि ज्याची दाढी चालली होती त्या माणसाला फेस कुठे संपतो ते कळेना. आत काहीच दिसत नव्हतं. ते पांढरेपण धुक्याचं नव्हतं, उजेडाचंही नव्हतं. जग लिहून झाल्यावर कोणीतरी ते पुसून टाकावं, तसं होतं. कोणीतरी बटण बंद केलं. दगड कण्हत थांबला. ढग हळूहळू खाली बसला तेव्हा थोरल्या काकू वरच्या पायरीवर उभ्या दिसल्या. खाली, सोंडेपाशी, धाकट्या काकूंच्या चपला होत्या. शेजारी निळा रुमाल होता. धाकट्या काकू नव्हत्या.

शिंप्याने छातीवर क्रुसाची खूण केली.

थोरल्या काकूंनी चपलांकडे पाहिलं. मग वर, पत्र्याकडे पाहिलं. त्यांना पहिल्यांदा वाटलं की चूक झाली. मग वाटलं की चूक झालेली नाही. आणि मग त्यांचा तो रविवारचा आवाज, कित्येक आठवडे दाबून ठेवलेला, एकदम बाहेर पडला.

"अरे, तिची दुपारची गोळी राहिली आहे! तिला उंचीवर चक्कर येते! तिला एकटीला झोप लागत नाही, तिथे कोण बोलत बसणार आहे तिच्याशी? घ्यायचं तर दोघींना घे, नाहीतर तिला खाली ठेव! इथेच ठेव, जिथून उचललीस तिथे!"

पत्र्यावर एक कावळा उडाला. रांगेतली नवी बाई आपला डबा उचलून हळूच मागे सरकली.

"जाऊबाई," भरलेल्या पोत्यांच्या मागून आवाज आला, "ओरडताय काय? हात द्या. कंबर अडकली आहे माझी."

पिठावरून पाय घसरून त्या चपला सोडून पोत्यांच्या मागे, भिंतीच्या फटीत जाऊन पडल्या होत्या. न्हावी आणि शिंप्याने मिळून त्यांना ओढून काढलं. तोंडातलं पीठ थुंकून होताच त्यांनी पहिलं वाक्य काढलं ते असं:

"म्हणजे मी गेले, असं वाटलं ना तुम्हाला?"

थोरल्या काकू एप्रनने त्यांचं तोंड पुसत होत्या, जरा जोरातच. "गप."

"नाही, सांगा ना सगळ्यांसमोर. मी गेले आणि तुम्ही राहिलात, असंच वाटलं ना? म्हणजे मनातून तुम्हाला ठाऊकच होतं!"

"अगं, पिठात कोण ते ओळखू येत नाही, म्हणून म्हटलं चुकून..."

"चुकून! देव चुकतो का? शिंपीदादा, ऐकलंत? देव चुकतो म्हणतात!"

हे त्यांनी पुढे पुष्कळ दिवस पुरवलं. वजन करताना, भाजी चिरताना, झोपता झोपता पलीकडच्या खोलीतून. "आधी मला घेतलं हो. परत पाठवलं, तो भाग वेगळा." थोरल्या काकू ऐकून घ्यायच्या. भांड्यांचा आवाज ऐकू येत होता, तोवर त्यांना काहीही चालणार होतं.

शिवण दुरुस्त झाली, त्या दिवशी सकाळी थोरल्या काकूंनी पोती शिवायच्या सुतळीचा गुंडा घेतला. एक टोक आपल्या कमरेला बांधलं, दुसरं धाकट्या काकूंच्या.

"हे काय आता?"

"उचलताना हिसका बसेल. एकीला ओढलं की दुसरी मागोमाग येईल. आणि तुतारी वाजत असताना सुतळीची गाठ सोडत बसायला कोणाला वेळ असणार आहे?"

धाकट्या काकूंनी थोडा विचार केला. "आणि तुम्ही जड असलात तर? मीही खालीच राहीन."

"मग दोघी खाली राहू."

धाकट्या काकूंनी सुतळी कमरेवर नीट सरकवली आणि डबा धरायला गेल्या.

तेव्हापासून दोघी सुतळीने बांधलेल्याच दळतात. एक वर चढली की दुसरी सैल सोडते. पुढच्या रविवारी "ये, प्रभू, ये" आलं, तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या. धाकट्या काकू वेळेवर जाग्या झाल्या.

पाळक सोमवारी स्वतःचा डबा घेऊन गिरणीवर आले. त्यांनी सुतळी पाहिली. त्यांना बरंच काही बोलता आलं असतं. वचन, दृष्टांत, कृपा, सगळं त्यांच्या ओठांवर येऊन गेलेलं आम्ही पाहिलं. मग ते डबा खाली ठेवून वाकले आणि धाकट्या काकूंच्या कमरेजवळची गाठ बोटांनी चाचपू लागले.

"ही सुरगाठ आहे, काकू. हिसक्याने सुटेल." त्यांनी ती सोडली आणि पक्की बांधून दिली, दोनदा ओढून पाहिली.

"पाळकसाहेब," धाकट्या काकू म्हणाल्या, "सुतळी जरा लांब ठेवा ना. मला मधेमधे मोरीत जावं लागतं."