वीस बाय आठची अमेरिकन गाडी

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. मग चहा घ्या, मग सांगतो. आणि हसू आलंच, तर निदान घोट तोंडात असताना तरी नको. मागच्या खेपेला हाच किस्सा सांगितला तेव्हा आमच्या सोफ्याचं कव्हर धुवावं लागलं होतं.

तर निवृत्तीनंतर माणसं काय करतात? गुलाब लावतात, पोथी वाचतात, सुनेच्या भाजीत मीठ कमी आहे का ते बघतात. मी गाड्या बांधतो! प्लॅस्टिकच्या. खेळणी नव्हेत हो, खेळणी म्हटलं की मला फार लागतं. खोक्यात शंभरेक सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि चिमट्याने एकेक चिकटवायचे. आणि गाड्या कुठल्या? जुन्या अमेरिकन! मागे माशाच्या परांसारखे उभे पंख, पुढे दात विचकल्यासारखी चकचकीत जाळी, चाकांना पांढरा पट्टा. असली गाडी मी आयुष्यात एकदाच पाहिली, तीही कॅलेंडरवर.

नखाएवढं स्टेअरिंग बसवायचं, चष्मा घालून बघायचं, चष्मा काढून बघायचं आणि मग मनात शंका: वाकडं तर नाही बसलं?

शंका हा माझा मूळ स्वभाव. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली, बुलढाण्याच्या कॉलेजात केस पांढरे होईपर्यंत शिकवलं, पण घराचं कुलूप ओढून बघायला आजही फाटकातून परत येतो. आयुष्यात एकाच गोष्टीबद्दल मला कधी शंका नव्हती. आकडा लिहिला की पुढे एकक लिहायचं! मीटर, सेकंद, किलो, जे असेल ते. नुसतं 'वीस' लिहिलेलं दिसलं की मी लाल पेनने विचारायचो, 'वीस काय? आंबे?' आणि अर्धा मार्क कापायचो. पाठीमागे पोरं मला 'अर्धा मार्क' म्हणत. मला वाटे, प्रेमाने म्हणतात.

असो. मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका गृहस्थाकडून मी एक जुनी जोडलेली गाडी मागवली. सत्तावन्न सालची, उघड्या टपाची. तिला इंजिनच नव्हतं, ते मी आल्या आल्या दुसऱ्या खोक्यातलं बसवलं. कोणा पठ्ठ्याने तिला दाराच्या ऑइलपेंटचा इतका जाड थर दिला होता की पंख कुठले आणि दारं कुठली ते समजेना. ती पुन्हा नवी करायची तर आधी जुना रंग उतरवायला हवा. त्यावर जालीम उपाय म्हणजे ब्रेक ऑइल. गाडी त्यात दोन दिवस बुडवून ठेवायची, रंग सालीसारखा सुटतो.

म्हणून मी एसटी डेपोसमोर गजूच्या गॅरेजात गेलो. गजू माझा जुना विद्यार्थी. अर्ध्या मार्काने नापास झाला, म्हणून गॅरेज टाकलं आणि आता माझ्या दुप्पट कमावतो. भेटला की पाया पडतो. का पडतो, हे विचारायची माझी हिंमत नाही.

"जय गजानन, सर! बसा."

"गजू, थोडं ब्रेक ऑइल दे रे."

"तुमाले? तुमची तं सायकल हाय न, सर!"

"एक अमेरिकन गाडी आणली आहे. जुनी. दुरुस्त करतोय."

गजूच्या हातातला पाना खाली पडला. "अमेरिकन! कोनतं मॉडेल?"

"मॉडेलच आहे रे," मी अगदी प्रामाणिकपणे म्हणालो.

"हाव, पन कितीचं?"

"सत्तावन्नचं."

आता तुम्हीच सांगा, यात मी काय खोटं बोललो? एक अक्षर तरी?

"इंजिन हाय का तिच्यात?"

"आहे की! आठ सिलिंडरचं. मीच बसवलं."

"सोता? मंग इंजिन उचलाले चेनकुप्पी कोनाची आनली?"

"चेनकुप्पी कशाला? चिमट्याने बसवलं."

गजू माझ्या मनगटांकडे बघत राहिला. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या छंदाकडे कोणी असं आदराने बघितलं नव्हतं. मग मीही फुशारलो. म्हटलं, "प्रमाण एकाला पंचवीस आहे बरं का!" म्हणजे खरी गाडी पंचवीस, तर माझी एक.

गजू शेजारच्या पानठेल्याकडे वळून ओरडला, "आयकलं का बे? आठ सिलिंडर, अन् एका लिटरले पंचवीस देते!"

'देते' म्हणजे काय, हे विचारायचं माझ्या मनात आलं. पण राहिलं.

"ऑइल किती देऊ, सर?"

"गाडी बुडेल इतकं."

गजू खो-खो हसला. "सर रिटायर झाल्यापासून मजाक करू लागले!"

घरी आल्यावर हिच्या लोणच्याच्या बरणीत मी गाडी बुडवली. त्यावरून जे झालं तो वेगळा किस्सा आहे, आणि तो मी कोणालाही सांगणार नाही.

चार दिवसांत गावात माझं वजन वाढलं. बँकेतला शिपाई खुर्ची देऊ लागला. एक दिवस ही म्हणाली, "अहो, दूधवाला इचारून राह्यला, सरांनं गाडी कुठी ठेवली म्हून."

"मग काय सांगितलंस?"

"आतल्या खोलीत, म्हनलं. तं थो मांगं जाऊन भिंत पाहून आला. कायले?"

"कला बघायला आला असेल," मी म्हणालो.

"भिंतीत?"

आणि मग आले शालिकभाऊ. आमच्याच कॉलनीत राहतात, एसटीत ड्रायव्हर. शेगावची गाडी त्यांनी घाटातून इतकी वर्षं चालवली की प्रत्येक वळणावरचं माकड त्यांना ओळखतं म्हणे. त्या महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते.

"जय भीम, सर."

"जय भीम, शालिकभाऊ. या."

ते बसले, पण टेकले नाहीत. टोपी दोन्ही हातांत फिरवत होते. "सर, एक मांगनं हाय. नाई म्हनू नका. डेपोत माह्या निरोपाचा कार्यक्रम हाय. तठी तुमची गाडी पायजे."

मी खुर्चीतून उठलोच हो! ज्या माणसाने जन्मभर खऱ्या गाड्या चालवल्या, त्याला निरोपाच्या टेबलावर माझी गाडी हवी! मी म्हटलं, "शालिकभाऊ, न्या. तुमची समजा. फक्त रंग अजून ओला आहे."

"टप उघडा हाय न?"

"उघडाच आहे."

"मस्त! लोकाईले आतलं दिसलं पायजे. शिटा कशा हायेत?"

"लाल. मागे तिघं बसतात आरामात."

हे मी मूळ गाडीबद्दल बोललो. शालिकभाऊंचे डोळे भरून आले. माझेही आले. दोघेही आपापल्या गाडीसाठी रडत होतो.

त्यांच्या मनात काय होतं ते मला फार उशिरा कळलं. त्यांनी घरी, भावकीत, सासुरवाडीला, सगळीकडे सांगून ठेवलं होतं: "सारी जिनगानी पुढं बसून दुसऱ्याले घरी नेलं. आता एक डाव मांगं बसून, हार घालून, अमेरिकन गाडीत घरी यीन." त्यासाठी पांढरा सफारी शिवला होता. काळा गॉगल आणला होता.

आणि मी इकडे सुईच्या टोकाने लाल शिटांना शिवण काढत होतो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गजूचा फोन. सगळी व्यवस्था त्याच्याकडेच होती.

"सर, गाडी कशी आनता?"

"रिक्षातून."

"रिक्षानं टोचन करून? काऊन? चालू नाई का?"

रंगाच्या वासाने माझं डोकं भणभणलेलं, फोनमध्ये खरखर. मी म्हटलं, "ती बंदच असते रे."

"काई टेन्शन नाई. चौकातून ढकलत आनू. पोट्टे हायेत."

"पोरं कशाला? एका बोटाने जाते."

"बाप्पा! काय बेरिंग असन! बरं, जागा आखाची हाय. लांबी सांगा."

"वीस," मी म्हणालो.

"अन् रुंदी?"

"साडेसात. आठ धर. जरा मोकळी जागा बरी."

"वीस बाय आठ. फिक्स!"

फोन ठेवला आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. कुलपासारखं. उठून कुलूप ओढून बघितलं. ते बरोबर होतं. मग माझं काय राहिलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मिठाईच्या खोक्यात कापूस घालून, त्यावर गाडी ठेवून, हिला बरोबर घेऊन रिक्षाने डेपोत पोचलो. रिक्षावाल्याला सारखं सांगत होतो, "हळू बाबा, गाडी आहे!" तो म्हणत होता, "माही बी गाडीच हाय, काका."

डेपोत बघतो तर काय! ताशा वाजतोय. मांडव. शालिकभाऊंची सगळी सासुरवाडी. आणि मधोमध पांढऱ्या फक्कीने आखलेला भलामोठा चौकोन, भोवती झेंडूच्या माळा. मी मनात म्हटलं, रांगोळी राहिली वाटतं.

गजू धावत आला. माझ्या पाठीमागे रस्त्याकडे बघत म्हणाला, "सर, गाडी?"

"ही काय," म्हणून मी खोकं उघडलं.

ताशा वाजता वाजता एकेक काडी कमी होत थांबला. शालिकभाऊ नुकतेच शेवटची फेरी करून, सफारी घालून, गॉगल लावून, गळ्यात चार हार घेऊन येत होते. त्यांनी गॉगल काढला.

मी त्या पांढऱ्या चौकोनात शिरलो आणि बरोबर मधोमध गाडी ठेवली. का ठेवली? मला विचारू नका. आखलेली जागा दिसली की माणूस ठेवतो.

मागून कोणीतरी म्हणालं, "लयच दूर उभी केली बे गाडी!"

दुसरा म्हणाला, "धुतली असन. आटली."

गजू चौकोनाच्या कडेला उभा. त्याने एकदा फक्कीकडे बघितलं, एकदा गाडीकडे. "सर, तुमी तं वीस म्हनलं होतं."

"वीसच आहे रे. मोजून घे."

"वीस काय, सर?" आणि मग तो हळूच म्हणाला, "आंबे?"

त्या क्षणी मला धरणीने पोटात घेतलं असतं तर मी जागाही सांगितली असती. वीस बाय आठ! माझे सेंटिमीटर, त्याचे फूट!

पण खरी धास्ती शालिकभाऊंची होती. माणूस पांढऱ्या सफारीत, सगळ्या पाहुण्यांसमोर. मी हात जोडले. "शालिकभाऊ, माझ्यामुळे..."

ते चौकोनात आले, गुडघ्यावर बसले आणि गाडीला डोळा लावला. मग म्हणाले, "सर, हिचं स्टेरिंग डाव्या बाजूनं हाय."

"अमेरिकेत तसंच असतं."

"मंग आपल्या घाटात वोव्हरटेक कसा करन थो मानूस?" त्यांनी बोटाने गाडी ढकलली. ती सुळकन जाऊन गजूच्या बुटाला लागली. "एका बोटानं जाते म्हनत होते, खरं हाय." आणि ते हसायला लागले. हार हलायला लागले इतके हसले. मग सगळा डेपो हसला. माझी सौभाग्यवतीही, सगळ्यात मोठ्याने.

"पन सर, मले मांगं बसूनच घरी जाचं हाय," ते उठत म्हणाले.

समोर चिखलीची गाडी लागली होती. आमच्या कॉलनीवरूनच जाते. शालिकभाऊ हारांसकट तीत चढले, ड्रायव्हरच्या जागेकडे बघितलंही नाही, थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मांडीवर माझी गाडी. शेजारी मी, गजू, पाहुणे. कंडक्टर तिकीट मागायला आला, तर ते ऐटीत म्हणाले, "सुटे देतो."

पहिल्याच गतिरोधकावर आम्ही सगळे वीतभर वर उडालो. शालिकभाऊंनी एका हाताने गाडी धरली, दुसऱ्याने हार सावरले आणि जन्मभर पाठीमागून ऐकलेलं वाक्य मान ताठ करून म्हणाले, "ओ ड्रायव्हरसायेब! हळू! मांगं मानसं बसली हायेत!"

सबंध एसटीने टाळ्या वाजवल्या. नवा ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "आता समजलं का, भाऊ, आमच्याले शिव्या काऊन पडते थे?"

गाडी मी परत घेतली नाही. ती त्यांच्या टीव्हीशेजारी आहे. मला बोलावतात तेव्हा मुद्दाम सांगतात, "या सर, तुमच्या गाडीले बी जागा हाय."

आणि गजू? माझ्या पाया पडायचं त्याने सोडलं आहे. आता तो लांबूनच दोन बोटं उंचावतो आणि त्यातलं एक अर्धं दुमडतो. अर्धा मार्क कापल्याची खूण. सव्याज वसूल!

तेव्हापासून मी कानाला खडा लावला. आकडा आला की एकक आलंच पाहिजे. परवा हिच्यासोबत दवाखान्यात गेलो. नर्सबाईंनी विचारलं, "वय किती, आजोबा?"

मी सावधपणे म्हणालो, "अठ्ठ्याहत्तर. वर्षं."

बाईंनी पेन थांबवलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हिला विचारलं, "आजी, डोक्याले बी दाखवाचं हाय का?"