मंठ्याला नेलेली गोळ्यांची बाटली

सकाळच्या गाडीनं औरंगाबादहून जालन्याला उतरलो तेव्हा छाती मोकळी होती. दम्याची गोळी मी रोज दोन्ही वेळा घेतो. बरं वाटलं तरी सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण स्टेशनाबाहेरच माझ्या मेहुण्यानं, वामननं, बाटली मागून घेतली.

"दाजी, तुमच्या पोरीचं, कुसुमचं लग्न जमवायला चाललो. मंठ्यात औषध काढलं तर सोयरीक गेली समजा."

मी निमूट दिली. आमच्यात पोटदुखीचं चूर्ण चारचौघांत घेतात, दम्याची गोळी मात्र कोनाड्यात लपते.

रस्ताभर खळी (मळणीच्या जागा) लागलेली. ज्वारीचा भुसा वाऱ्यावर उडून थेट मंठ्याच्या एसटीत येत होता. माझा श्वास आखडला. शेजारी कोकरू मांडीवर घेतलेली बाई म्हणाली, "दादा, दम लागून राह्यला तुम्हाला. दवा न्हाई का?"

"आहे."

"मंग काय पूजेला ठेवली?"

वामननं खिशातली बाटली आणखी खाली दाबली.

मंठ्यात पाहुणचार चोख. भाकरी, ठेचा, येसराची आमटी (भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची). जेवताना मुलाच्या वडिलांनी विचारलं, "घराण्यात काही रोगराई? बराबर सांगा."

"बिलकुल न्हाई," वामन म्हणाला, आणि तेवढ्यात माझ्या छातीत शिट्टी वाजू लागली. सगळे ताटात पाहू लागले.

"प्रवासाची धूळ असेल," यजमानांनीच वाट काढून दिली.

त्या वाटेचाच मला संताप आला. ऐकू सगळ्यांना येत होतं. मी हात पुढं केला. "वामन, बाटली दे." सगळ्यांसमोर गोळी घेतली. "मला दमा आहे. कुसुमलाही आहे."

"खरं बोललात, बरं झालं," यजमान शांतपणे म्हणाले. "मंग आमचं जमायचं न्हाई." वर आग्रहानं आमटी वाढली.

परतताना वामन फणफणत होता. "दाजी, दोन घास थांबली नसती गोळी?"

"कुसुमची दोन वर्षं थांबलीय," मी म्हणालो. हे आजवर कुणाशी बोललो नव्हतो. पोरगी उशीला टेकून बसून झोपते, आणि मी तिला दवाखान्यात नेलं नाही. का, तर तिथं कुणी पाहील, स्थळं जातील.

कुसुम दारातच होती. "जमलं?"

"नाही. तुझा दमा मी सांगून टाकला."

ती चौकटीला टेकली. मग म्हणाली, "आता दवाखान्यात नेता का मला?"

दवाखाना आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. तिथं पोचायला मला मंठ्याला जाऊन यावं लागलं.