बारीक अक्षरं

गाजर किसायला घेतलं की जयसिंगपूरच्या घराची पायरी आठवते. तुमची आई तेव्हा कॉलेजात होती. गल्लीत इंग्रजी येणारी बाई मी एकटीच, म्हणून औषधांचे कागद माझ्याकडे येत. शेजारच्या सुनेला दुसरा महिना होता. बहिणीच्या मुरुमांच्या गोळ्या आणि त्यांचा कागद पुढे करून ती म्हणाली, "काकू, वाचा की, घेतल्या तर चालतंय न्हवं?" मी वरच्या दोन ओळी वाचल्या. "अ जीवनसत्त्वापासूनच केल्यात गं, गाजरात असतं तेच. घे." याच जीवनसत्त्वाच्या नेमक्या प्रमाणावर पोटातल्या बाळाचे हातपाय घडतात आणि ते वाढलं तर बिघडतात, हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाळ डाव्या पंजाविना जन्मलं होतं. ती मला एवढंच म्हणाली, "काकू, तुमी तर वाचून सांगितलं हुतं की." बाळांनो, खाली बारीक अक्षरांत गरोदर बायकांना मनाई लिहिलेली होती. माझा चष्मा आतल्या खोलीत होता आणि मी उठले नव्हते.