सोमवारच्या सुया

त्या संध्याकाळी आम्ही नवरा-बायकोनं चिंच फोडली. मी दगडावर टरफल फोडायचो, ती शिरा ओढून चिंचोके काढायची. अर्धं टोपलं झालं तसं दिसेनासं व्हायला लागलं. ती म्हणाली, "बास. उरलेली उद्या. द्या हात."

मी हात दिला. एक हात माझ्या हातात, दुसरा स्वतःच्या गुडघ्यावर, अशी ती "शिवा शिवा" म्हणत उठली. मी म्हणालो, "लई जड झालीस." ती म्हणाली, "तुमची ताकद गेली म्हना की." मग भाकरी खाल्ली आणि झोपलो. तिच्यासंगं केलेलं शेवटचं काम ते. चिंच.

तिची कंबर गेली ती दुष्काळात. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आमचं खेडं शिरूर अनंतपाळकडचं. गावात नळाच्या तोट्या बसल्या होत्या, पाणी मात्र नव्हतं. पाणी होतं ते लांबच्या हापशावर. डोक्यावर दोन घागरी आणि कडेवर कळशी घेऊन ती दिवसातून चार खेपा करायची. कंबर दुखते म्हणाली, तर मी म्हणालो, "कुन्या बाईची दुखत न्हाई? नखरे करू नको." आमच्याकडं गडीमाणूस डोक्यावर पाणी आणत नव्हता. मीही आणलं नाही.

गावात एक पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली, म्हातारी होती. उसण भरली की तिचा पाय कंबरेला लावायचा, अशी रीत. तिनं तीनदा पाय लावला. चौथ्यांदा हिनंच सांगितलं, "म्हातारे, आता तुझा पाय दुखंल." शेकून झालं, बिब्बा घालून झाला, तालुक्याच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. दोन वर्षं गेली. मग एका सकाळी बघतो तर ती चुलीपासून गोठ्यापर्यंत हातापायांवर रांगत निघालेली. गाईला पाणी दाखवायचं होतं. मला बघून हसली. ही बाई आता उभी राहते का नाही, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

लातूरला आडत बाजाराच्या मागं, वरच्या मजल्यावर, दर सोमवारी एक सुयांचा डॉक्टर येतो असं कळलं. चिनी इलाज म्हणे. एसटीत बसवून तिला नेलं. तिनं आधी विचारलं, "सुईतनं औषध कंचं देता?"

"औषध नसतं. नुसती सुई."

मी म्हणालो, "म्हंजे आमच्या गावच्या नळावानी. तोटी हाय, पानी न्हाई."

डॉक्टर हसला. भला माणूस. म्हणाला, "मामा, कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही. दहा वेळा येऊन बघा." मग तिला सांगितलं, "बाई, पालथं झोपा. गळ्यातलं काढून ठेवा, छातीला टोचेल."

आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी असते, ती अंगावरून उतरवत नाहीत. आणि तिच्यावर पालथं पडून भार टाकायचा, हे तर हिला मरण आलं तरी जमलं नसतं. ती म्हणाली, "ह्ये मेल्यावरबी निघत न्हाई डॉक्टर. तुमच्यासाठी काढू व्हय?" आणि चपला शोधायला लागली.

दोन वर्षांनी कुठं एक दार सापडलं होतं, आणि ती वाकत वाकत जिन्याकडं निघाली होती. मी वाट अडवली. म्हणालो, "तू टेबलाच्या काठावरनं डोकं भाईर काढून झोप. डबी खाली येऊ दे. मी धरतो."

"आवं, दुसऱ्याच्या इष्टलिंगाला हात लावत न्हाईत."

"मी दुसरा व्हय? आन् डबी बंदच हाय."

तिनं जरा विचार केला. मग म्हणाली, "हात धुऊन या."

डॉक्टरनं आपल्या माठातलं पाणी दिलं. त्या साली ते काही थोडं नव्हतं. मी हात धुतले आणि टेबलाखाली मांडी घालून बसलो. दोरा तिच्या गळ्यात, डबी माझ्या तळहातावर. पाच सुया कंबरेला, एकेक दोन्ही गुडघ्यांच्या मागं. डॉक्टर सुई फिरवायचा आणि विचारायचा, "जड वाटतंय का?" ती म्हणायची, "मुंग्या चालल्यात." पहिल्या दिवशी तर तिला घेरीच आली. डॉक्टर घाबरला. मग कळलं, सोमवार म्हणून ती निरंकार उपाशी आली होती. त्यानं बजावलं, उपाशीपोटी सुया नाहीत. पुढं ती महादेवाची माफी मागून केळं खाऊन यायला लागली.

वीस मिनिटं सुया ठेवायच्या. घरात आम्ही एवढा वेळ तोंडासमोर तोंड करून कधी बसलोच नव्हतो. ती वरून माझ्याकडं बघायची. "तुमाला टक्कल पडायलंय," तिनंच मला पहिल्यांदा सांगितलं. एका सोमवारी म्हणाली, "नखरे करू नको म्हनला व्हता तुमी. त्ये सुईपेक्षा लागलं मला."

एरवी मी उठून बाहेर गेलो असतो. पण हातात तिची डबी होती, हात काढता येत नव्हता. म्हणून ऐकून घेतलं. "चुकलं माझं," हेही म्हणालो. जन्मात एकदाच. तिच्या डोळ्यातलं पाणी माझ्या मनगटावर पडलं.

दुसऱ्या दिवसापासून पाणी मी आणायला लागलो. सायकलला दोन्हीकडं घागरी बांधून. पारावरचे म्हणायचे, "आली बघा नवी सून." मी म्हणायचो, "आली. आन् तुमच्यापेक्षा चांगली हाय."

दहा सोमवार झाले. ती रांगायची थांबली. चुलीशी बसायला लागली, भाकऱ्या थापायला लागली. दुखणं समूळ गेलं नाही, उठताना हात लागायचाच. गुण सुयांचा होता, का डोक्यावरनं उतरलेल्या घागरींचा, का वीस मिनिटं निवांत पडायला मिळायचं त्याचा, मला सांगता येत नाही. तिला विचारलं तर म्हणायची, "तुमी हात धुतला त्याचा." तिची थट्टा अशीच असायची. खरं किती, ते कळू द्यायची नाही.

चिंच फोडली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी चहाला हाक मारली. ती भिंतीकडं तोंड करून कुशीवर होती. हात लावला. गार.

पोरगा नांदेडला. भाऊबंद शेजारीच. हाक मारली असती तर घटकेत घर भरलं असतं. आमचे पुजारी, जंगम, आले असते, डबी तिच्या तळहातावर दिली असती, आणि तिला बसवून, डबीसकट, मातीत नेलं असतं. ते होणारच होतं.

मी आधी मोरीत जाऊन हात धुतले. तिच्याजवळ जमिनीवर मांडी घातली. दोरा तिच्या गळ्यातच ठेवून डबी माझ्या तळहातावर घेतली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत वीस मिनिटं धरून बसलो. मग ती तिच्या छातीशी नीट ठेवली, उठलो, आणि दार उघडून भावाला हाक मारली.