शकूनं उलगडलेली घडी परत लावली तो दिवस

शकू गेली.
आज सकाळी, पुण्यात, लेकीच्या घरी. एक्क्याऐंशी वर्षांची होती.

लेकीचा फोन ठेवला आणि मला रडू आलं नाही. डोळ्यांसमोर आला तो परभणीच्या आमच्या शाळेचा हॉल. तेच लिहिते.

एकोणसाठ सालचा हिवाळा. आम्ही दोघी मॅट्रिकच्या वर्गात. मी परभणीचीच, पोस्टातल्या क्लार्कची मुलगी. शकू पालमकडची. घरी मेंढरं, आई लोकर कातायची. शिकायला म्हणून ती परभणीत मावशीकडं राहायची.

सायन्सला आम्हाला सय्यद मास्तर होते.

मास्तरांचं सगळं शिक्षण उर्दूत. निजामाचं राज्य गेलं, मग परभणी मुंबई राज्यात आली, आणि चाळिशी ओलांडलेला हा माणूस आमच्याच वह्या घरी नेऊन मराठी शब्द पाठ करायला लागला. वर्गात मध्येच अडायचे.
"लहमियात... याला तुम्ही काय म्हणता?"
"प्रोटीन, सर!" आम्ही ओरडायचो.

तक्रार गेली. मास्तरांना मराठीतून शिकवता येत नाही, मॅट्रिकचा वर्ग काढून घ्या. सायन्सच्या प्रदर्शनाला एक तपासणीस साहेब येणार आणि तेच ठरवणार, असं कळलं.

त्याच महिन्यात मास्तरांना कुठूनसं एक इंग्रजी मासिक मिळालं. त्यात फोटो होता. विलायतेतल्या शास्त्रज्ञांना पहिल्यांदाच एका प्रोटीनचा आकार दिसला होता. व्हेलच्या स्नायूतलं प्रोटीन. दिसायला गुंडाळून टाकलेल्या आतड्यासारखं.

मास्तर म्हणाले, "ही एक लांब साखळी आहे. एकेक कडी म्हणजे एकेक अमिनो आम्ल. साखळी घडी घालते. मग लांबच्या कड्या जवळ येतात, एकमेकींना टेकतात. त्या टेकण्यावर घडी टिकते."

शकू त्या फोटोकडं बघतच राहिली. मग म्हणाली,
"सर, हे आपुन करू."

खऱ्या प्रोटीनात दीडशेच्या वर कड्या. आम्ही चाळीस घेतल्या. मातीचे मणी केले, भाजले, त्यांच्यावर शाईनं नंबर टाकले, मऊ तारेत ओवले. शकूनं तार वळवून वळवून घडी केली. जिथं मणी मण्याला टेकला तिथं आईच्या लोकरीची गाठ मारली.

मग चौकटीचा कागद घेतला. आडवे चाळीस नंबर, उभे चाळीस नंबर. तीन नंबर एकतीसला टेकला, की त्या घरात काळा ठिपका.

"हे कशाला गं?" मी विचारलं.
"घडी मोडली तर? या कागदावरनं परत लावता येईल."

प्रदर्शनाच्या दिवशी साहेब आले. कोट, चष्मा. आमच्या टेबलापाशी थांबले.
"मणी ओवलेत. छान. आणि हा कागद?"
शकूनं सांगितलं.
"यावरून घडी परत लागते म्हणतेस?"
"हो साहेब."
"लावून दाखव."

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं एकेक गाठ सोडली. तार ताणून सरळ केली. तीन आठवड्यांचं काम, टेबलावर नुसती मण्यांची माळ.

मास्तर भिंतीला टेकून उभे.

शकूनं पदर खोचला.
"कुसुम, नंबर वाच."

मी कागदावरून वाचायला लागले. "तीन, एकतीस." ती तार वाकवायची, गाठ मारायची. "सात, सव्वीस." गाठ. "बारा, चाळीस." भोवती गर्दी जमली. हॉलमध्ये फक्त माझा आवाज.

शेवटची गाठ बसली. एकही ठिपका उरला नाही. पोरांनी टाळ्या पिटल्या.

शकू मात्र हसेना. पहिल्या घडीचं चित्र तिनं वहीत उतरवून ठेवलं होतं, ते उघडून बघायला लागली.
"साहेब, ही उलटी झाली."
"म्हणजे?"
"पहिली उजवीकडं वळत होती. ही डावीकडं वळायली."

मी तिला चिमटा काढला. कुणाला कळलं असतं? गप्प बसायचं ना!

साहेब म्हणाले, "मग तुझा कागद चुकला."
"न्हाई साहेब. कागद खरा हाय, पन अपुरा हाय. कोन कोनाला टेकतंय एवढंच त्यात हाय. उजवं-डावं न्हाई."

शेजारच्या टेबलावर प्रकाशाचा प्रयोग होता. तिथला आरसा तिनं उचलला आणि घडीसमोर धरला.
"आता चित्र बघा."

आरशातली घडी आणि वहीतलं चित्र. हुबेहूब.

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.
"हे तुला कुणी शिकवलं?"
"सय्यद मास्तरनी."
"कुठल्या भाषेत?"
"त्यांनी लहमियात म्हनलं, आमी प्रोटीन म्हनलं. समजलं तर सारखंच की, साहेब!"

साहेब हसले. हेडमास्तरांकडं वळले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले,
"मॅट्रिकचा वर्ग यांच्याकडंच राहू द्या. तक्रारीचं मी बघतो."

मास्तर पुढं आले. मराठी आठवेना. "शाबास बेटी," एवढंच म्हणाले आणि रुमाल तोंडाला लावला.

आम्ही जिंकलो होतो. खरंच जिंकलो होतो!

शकू पुढं बायोकेमिस्ट्रीत डॉक्टर झाली. तीस वर्षं कॉलेजात प्रोटीनच शिकवलं. ठिपक्यांच्या तसल्या कागदाला जग कॉन्टॅक्ट मॅप म्हणतं, हे तिनंच मला पुढं पत्रात कळवलं. पत्रात जराही तोरा नव्हता. खाली लिहिलं होतं, "आपला कागद बरोबर होता गं, कुसुम."

गेल्या वर्षी फोनवर म्हणाली, आता कॉम्प्युटर नुसती साखळी वाचून कोण कोणाला टेकणार ते सांगतो. केवढी खूश होती!
"लय भारी काम झालंय बघ. मला हे बघायला मिळालं."

डॉक्टर शकुंतलाबाई, तुम्हाला या मैत्रिणीचा सलाम.
शकू, सुखानं जा.